सोडलेली कुस्ती

सायलीनं ब्राँझ मारलं तेव्हा गारखेड्याच्या तालमीत सगळ्यात आधी उठून नाचली ती रूपाली. तिची आई केसरबाई दुधाचं पातेलं घेऊन दारात उभी होती, तिला पोरीचा धक्का लागला आणि निम्मं दूध सांडलं. एरवी केसरबाईनं पोरीला सोलून काढलं असतं. त्या दिवशी ती नुसतं "अगं हळू, भवाने" म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

हे नाचणं मुद्दाम सांगायचं, कारण पुढं लोक म्हणायला लागले की रूपालीच्या पोटात पहिल्यापासून दुखत होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं, जिभेला हाड थोडंच असतं. ती नाचली हे अख्ख्या तालमीनं बघितलंय, आणि मनापासून नाचली.

स्पर्धा होती वीस वर्षांखालच्या पोरींची, जागतिक. युरोपातल्या कुठल्याशा गावात चालली होती, आणि त्या गावाचं नाव तालमीत प्रत्येक जण वेगळं घ्यायचा. पत्र्याच्या शेडमध्ये मॅटच्या कडेला एक मोठा टीव्ही आणून टेबलावर ठेवला होता. टीव्ही आप्पासाहेबांच्या घरचा. आप्पासाहेब म्हणजे सायलीचे वडील. तिकडं कन्नडला ऊस, इकडं बीड बायपासला मंगल कार्यालय, आणि मधल्या रस्त्यावर सगळ्यांशी रामराम. टीव्हीसमोर खुर्चीत ते, आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून कडुबा वस्ताद. कडुबा वस्ताद तालमीचा मालक, सायलीचा गुरू आणि रूपालीचा बाप.

सायली आधी जपानच्या पोरीकडून हरली होती. शेडमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. आप्पासाहेब चप्पल शोधायला लागले. तेव्हा वस्तादानं त्यांना हाताला धरून बसवलं आणि सांगितलं, मॅटवरच्या कुस्तीत एक सोय असती, जिनं आपल्याला हरवलं ती फायनलला गेली तर आपल्याला परत बोलावत्यात, ब्राँझसाठी खेळायला.

"मग आता?" आप्पासाहेब म्हणाले.

"आता त्या जपानणीसाठी देव पाण्यात घाला."

झालं. दुपारभर गारखेड्याची तालीम जपानच्या नावानं ओरडत होती. बाहेरून जाणारा रिक्षावाला थांबून विचारून गेला की इथं कोणाचं लग्न आहे. जपानची पोर फायनलला गेली, सायलीला परत बोलावलं, तिनं एक कुस्ती काढली, आणि ब्राँझच्या कुस्तीत तुर्कस्तानच्या पोरीचा पाय धरून असा एकेरी पट काढला की आप्पासाहेब खुर्चीवर उभेच राहिले. तो पट सायलीनं महिनोन् महिने रूपालीच्या पायावर घोटला होता. रूपालीच्या डाव्या नडगीवर त्याच्या खुणा अजून होत्या.

रूपालीला तो परत बोलावण्याचा नियम फार आवडला. हरलेल्याला हरवणाऱ्यानंच वर ओढून घ्यायचं, यात तिला न्याय दिसला. कारण तीही सायलीकडूनच हरली होती. सायली जेवढी पुढं जाईल तेवढं आपलंही नशीब पुढं सरकतंय, असं तिला नाचताना वाटत होतं.

आता ती हरली कशी, ते ऐका.

एका तालमीतली पोरं आपसात लढत नाहीत. हा मातीतला जुना रिवाज. मैदानात तशी जोड लागायची वेळ आलीच तर वस्ताद सांगेल त्यानं पुढं व्हायचं, दुसऱ्यानं हात मिळवून बाजूला व्हायचं. मॅटवर ते चालत नाही. तिथं शिट्टी वाजली की खेळावंच लागतं. मग तिथं कुस्ती सोडायची असते. सोडणं म्हणजे पडणं नव्हे, पडायला काय अक्कल लागते? सोडायची अशी की पंचाला कळू नये, समोरच्याची इज्जत राहावी, आणि घरी गेल्यावर आपल्याला झोपही लागावी. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड.

मार्चमध्ये निवड चाचणी होती. त्रेपन्न किलोत देशभरातल्या पोरी आलेल्या, आणि एकेकीला काढत काढत शेवटच्या कुस्तीला समोरासमोर आल्या सायली आणि रूपाली. गारखेड्याच्या एका शेडमधल्या दोन पोरी. जिंकेल ती परदेशी जाणार. आणि दोघींत उजवी कोण, हे तालमीच्या पत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. सायलीच्या खांद्यात ताकद होती, पण दम लवकर तुटायचा. रूपाली हाडकुळी, चिवट. एकदा चिकटली की सुटायची नाही. रोजच्या खेळात कोण वर असायची हे विचारायची गरजच नव्हती.

कुस्तीच्या आधी कडुबा वस्तादानं पोरीला नळाजवळ नेलं.

"रूपे, ही कुस्ती सोड."

"का, आबा?"

"उद्या लोक म्हणतील, कडुबानं वस्तादकी केली ती पोटच्या पोरीसाठी. दुसऱ्याची पोर मागं ठिवली अन् आपली पुढं काढली. मला नाय सोसायचं ते. पुढल्या साली तुझं. सायली अंगानं भरायलीय, ती सत्तावन्नात जाणार. मग त्रेपन्न तुझं एकटीचं. माझा शब्द हाये."

रूपालीनं एवढंच विचारलं, "तिला सांगितलंय ना सत्तावन्नाचं?"

"सगळं ठरलंय," वस्ताद म्हणाला.

तिनं कुस्ती सोडली. पाय अर्धी वीत पुढं ठेवला, आणि बाकीचं सायलीनं केलं. पंचाला काही कळलं नाही. गावाकडं येताना रेल्वेत सगळे सायलीला पेढे भरवत होते, आणि रूपाली खिडकीशी बसून मनात म्हणत होती की असा बाप कोणाला असतो? दुसऱ्याच्या लेकरासाठी स्वतःच्या लेकराला थांबवणारा? खरं सांगायचं तर जिंकली असती तर जेवढी फुगली नसती तेवढी ती हरून फुगली होती. एकोणीस वर्षांची पोर. त्या वयात मोठेपणाचं वेड लागतं.

घरी तिनं फक्त आईला सांगितलं. केसरबाई भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, भाकरी उलटली, आणि म्हणाली, "बाप तुझा हाये खरा. पण वस्ताद सगळ्यांचा. वाटून उरंल तेवढा तुला."

"आई, तू ना कशातबी खोट काढतीस."

"व्हय बाई, मीच वाईट," केसरबाई म्हणाली.

त्यानंतर सायलीची तयारी रूपालीनंच करून घेतली. कधी ती जपानची झाली, कधी तुर्कस्तानची, कधी अमेरिकेची. वस्ताद सांगायचा तसं ती खेळायची, आणि सायली तिला उचलून टाकायची. संध्याकाळी पाठ शेकताना केसरबाई शिव्या द्यायची, कोणाला ते सांगायची नाही. रूपालीला मात्र वाटायचं की आपण आपलीच पुढची वाट साफ करतोय. पुढचं साल तिचं शेवटचं होतं, त्यानंतर वीसच्या वर गेलं की मोठ्या बायांच्यात उतरायचं, आणि तिथं उतरायला पाठीशी काहीतरी नाव लागतं. पुढल्या साली जायचंच, यावर तिचं सगळं उभं होतं.

आणि त्या ब्राँझच्या संध्याकाळीच गोष्ट फिरली.

टीव्हीवर सायलीची मुलाखत लागली. तिरंगा खांद्यावर, केस विस्कटलेले, डोळे रडून लाल. विचारणाऱ्यानं विचारलं, आता पुढं काय? सायली हसली आणि म्हणाली, "याच वजनात खेळणार. त्रेपन्नमध्ये. ब्राँझ झालं, आता गोल्ड. पदक मिळाल्यामुळं पुढच्या वर्षी मला चाचणी द्यावी लागणार नाही, थेट तयारीलाच लागायचं."

शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. रूपालीनं टाळीसाठी हात वर नेले आणि ते तिथंच राहिले. तिनं बापाकडं बघितलं. वस्ताद टीव्हीचा आवाज वाढवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड धूत असताना तिनं गाठलं. "आबा, सायली काय बोलली ऐकलं ना?"

"पोर हाये. कॅमेऱ्यासमोर बोलून गेली. येऊ तर दे तिला, मी आप्पासाहेबांशी बोलतो."

"पण ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं म्हणलं ना." त्यानं टॉवेल झटकला. "अन् नायच झालं तर तू पन्नासात उतर. तीन किलोचा तर प्रश्न."

आता बघा, बोलायला काय लागतं. ह्या पोरीच्या अंगावर काढायला मांस होतं कुठं? खुराक खाऊन खाऊन त्रेपन्नला टेकलेली पोर ती. वर जावं तर हरियाणाच्या धिप्पाड पोरी, खाली जावं तर हाडं कापावी लागतील. हे सगळं वस्तादाला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि म्हणूनच तिला त्या तीन किलोंचं फार लागलं. तरी शब्द दिलाय म्हटल्यावर बापावर संशय घेणं तिला शोभेना.

सायली आली तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर डीजे, गुलाल, उघडी जीप, सगळा जामानिमा होता. आप्पासाहेबांनी तीन हार आणले होते, त्यातले दोन गर्दीनंच तोडले. सायलीनं गर्दीतून रूपालीला शोधून मिठी मारली, आणि पदक काढून तिच्या गळ्यात घातलं. "अर्धं तुझं हाये, ताई," ती म्हणाली. ती पोर मनानं वाईट नव्हती. हे कबूल केलं पाहिजे, जरी पुढं बऱ्याच जणांनी तिलाच बोल लावला.

जालना रोडला जीप मुंगीच्या चालीनं चालली होती. डीजेच्या दणक्यात रूपालीनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"सायले, तू सत्तावन्नात जाणार होतीस ना?"

"मी? कधी?"

"ठरलं होतं. मार्चमध्ये."

"कोणाचं ठरलं होतं? मला तर कोणी काहीच नाय बोललं." ती खरोखर गोंधळली होती. नाटक करणाऱ्याचा चेहरा वेगळा असतो.

"अन् चाचणीतली कुस्ती? ती तुला कळली नव्हती का?"

सायलीनं खाली लोकांना हात केला. मग हळू आवाजात म्हणाली, "कळली की. रिवाजच हाये तो, ताई. वस्तादांनी मला सांगितलं असतं तर मीबी सोडली असती."

ही गोष्ट रूपालीला पटली. सायलीनं सोडली असती. म्हणजे सायलीनं शब्द मोडला नव्हता, तिच्यापर्यंत शब्द पोहोचलाच नव्हता. मग 'सगळं ठरलंय' ते कोणाशी ठरलं होतं? रात्रंदिवस हाच किडा डोक्यात वळवळत राहिला. बापाला विचारावं तर तो सापडेना. सकाळी तालीम, दुपारी पत्रकार, संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी चहा. एकदा दारात गाठला तर म्हणाला, "सत्कार होऊ दे. रविवारी सत्कार, सोमवारी मी स्वतः आप्पासाहेबांकडं जातो."

केसरबाई आतून म्हणाली, "सोमवारी अमावस्या हाये." वस्तादानं तोवर चपला घातल्या होत्या.

सत्कार आप्पासाहेबांच्याच मंगल कार्यालयात होता. कन्नडकडून जीपा भरभरून लोक आले होते, फेटेवाले जुने मल्ल आले होते, पुढारी होते, नातेवाईक तर विचारूच नका. कार्यक्रमात एक नुमाइशी कुस्ती ठेवली होती, सायली आणि रूपालीची, लोकांना पदकवालीचे डाव बघायला मिळावेत म्हणून. त्यासाठी तालमीतली मॅट उचलून टेम्पोतून तिथं न्यायची होती. ती जड मॅट उचलायला पोरं कमी पडली, तेव्हा रूपालीनंच एका बाजूनं खांदा लावला. दोन वर्षांपूर्वी हीच मॅट आली तेव्हाही तिनंच लावला होता. तोवर तालमीत नुसती माती होती, आणि पोरं एकेक करून मॅटवाल्या तालमींकडं पळायला लागली होती. मॅट आली तेव्हा कडुबा वस्ताद डोळे पुसत होता, ते तिला आठवत होतं.

भाषणं सुरू झाली. पुढारी बोलले, कोणीतरी कविता म्हटली, मग आप्पासाहेब माईकजवळ आले. बोलायला गोड माणूस, हसतमुख, पोटात एक ओठात एक असला प्रकार नाही. तीच तर पंचाईत झाली.

"मंडळी," आप्पासाहेब म्हणाले, "माझ्या पोरीचं कौतुक झालं, ते होणारच. पण आज मला बोलायचंय ते ह्या माणसाबद्दल." त्यांनी वस्तादाला हाताला धरून उभं केलं. "दोन सालाआधी वस्ताद माझ्याकडं आले. म्हणले, आप्पासाहेब, मॅट नसंल तर तालीम बंद पडती. मी म्हणलं, मॅट घ्या, शेड घ्या. पण एक शब्द द्या. ह्या मॅटवरून पहिली परदेशी जाईल ती माझी सायली. वस्ताद म्हणले, दिला. अन् मंडळी, पाळला. चाचणीच्या शेवटच्या कुस्तीला समोर कोण उभी होती? त्यांची स्वतःची रूपाली. तरी शब्दाला जागला माणूस. आजच्या जमान्यात असा शब्दाचा पक्का माणूस दाखवा मला."

मंगल कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. जुने मल्ल उठून उभे राहिले. एकानं आपला फेटा काढून वस्तादाच्या डोक्यावर ठेवला. 'वा रे वस्ताद' म्हणून कोणीतरी डोळे पुसले. एवढ्या गर्दीत एकालाही यात काही वावगं दिसलं नाही. बापानं लेकीचं दान केलं, आणि पुण्य बापाच्या पदरात पडलं. लेकीकडं कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

रूपाली मॅटच्या कडेला खेळायच्या कपड्यांत बसली होती. तिला आधी काही कळेचना. मग एकदम सगळं कळलं. लोक काय म्हणतील, वस्तादकी, दुसऱ्याचं लेकरू. नळाजवळचं ते सगळं खोटं. तो शब्द तिला दिला त्याच्या कितीतरी आधी तिची कुस्ती दिली गेली होती. दोन वर्षं ती ज्या मॅटवर घाम गाळत होती, त्या मॅटच्या बदल्यात ती स्वतःच गेली होती. आणि ही बया रेल्वेत बसून बापाचा अभिमान बाळगत होती. तिला स्वतःचीच अशी लाज वाटली की मान वर होईना.

तिनं मान वर केली तेव्हा बाप तिच्याकडं बघत नव्हता. तो खांद्यावरची सत्काराची शाल नीट करत होता.

माईकवरून दोघींची नावं पुकारली. पंच म्हणून कडुबा वस्तादच शिट्टी घेऊन मॅटवर आला. सायली हात उंचावून लोकांना नमस्कार करत होती, तेवढ्यात तो रूपालीजवळ वाकला.

"थोडा वेळ खेळव," तो हळूच म्हणाला. "दोन डाव दाखवू दे तिला. मग सोड. पाहुणे बसलेत."

"आबा, शब्द आधी कोणाला दिला होता?"

"आता नको, रूपे."

"आधी कोणाला?"

वस्तादाचं तोंड आवळलं गेलं. "त्या मॅटवर तूबी खेळलीस ना? फुकट खेळलीस का?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लागलं असावं, कारण त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही. खांदा तसाच राहिला, लाकडासारखा. मग त्यानंच हात काढून घेतला आणि शिट्टी वाजवली.

पहिल्यांदा ती खेळवत राहिली. सायलीनं एक पट काढला, लोक खूश झाले, मोबाइल वर झाले. सायली हसत हसत जवळ आली, मानेत हात घातला आणि कुजबुजली, "ताई, एक धोबीपछाड मारू दे ना, व्हिडिओ काढायलेत सगळे." तिच्या मनात काही पाप नव्हतं. तिला आयुष्यात जे मिळालं ते असंच कोणीतरी देऊन मिळालं होतं, आणि तिला त्याची सवय झाली होती.

रूपालीनं तिचा हात मानेवरून सोडवला. मग ती खरी खेळायला लागली.

बघणाऱ्यांत ज्यांना कुस्ती कळत होती, ते तेवढ्यानंच पुढं सरकून बसले. रूपाली खाली बुडाली, बगलेतून मागं गेली, कंबर धरली आणि सायलीला उचलून मॅटवर आपटली. सायली पालथी पडली, धडपडली, दम तुटायला लागला. "ताई, हे काय," ती म्हणाली. रूपालीनं हात अडकवला, गुडघा रोवला, आणि जोर लावून सायलीला उताणी केली. एक खांदा टेकला. सायलीनं डोकं मॅटला रोवून, मान ताठ करून पाठीचा पूल केला, पूल थरथरला, मोडला, आणि दुसरा खांदाही टेकला. दोन्ही खांदे मॅटवर, वर रूपाली. चीत. यापेक्षा स्वच्छ चीत कन्नडच्या यात्रेतल्या पोरांनीही बघितलेली नसेल.

कडुबा वस्ताद गुडघ्यांवर, गाल मॅटला टेकवून, दोघींच्या तोंडाशी होता. पंचानं तसंच बघायचं असतं. त्याच्यापासून ते खांदे वीतभर अंतरावर होते. शिट्टी त्याच्या दातांत होती.

तो वाजवेना.

"आबा," रूपाली धापा टाकत म्हणाली, "शिट्टी."

फेटेवाल्यांपैकी एक म्हातारा मल्ल अर्धा उठला, स्टेजवर बसलेल्या आप्पासाहेबांकडं बघितलं, आणि परत बसला. खाली सायली धडपड थांबवून तशीच पडून राहिली होती. खेळणाऱ्याला कळतं आपण चीत आहोत ते. तिचे डोळे भरले होते. "वाजवा ना, वस्ताद," ती पुटपुटली, पण ते फक्त तिघांनाच ऐकू आलं.

वस्तादानं दातांतून शिट्टी काढली, मुठीत धरली आणि उभा राहिला. दोन्ही हात वर करून त्यानं मोठ्यानं सांगितलं, "बरोबरीत सुटली."

टाळ्या पडल्या. आप्पासाहेबांनी "वा, दोघीबी वाघिणी" म्हणून हसून मान डोलावली. कोणीतरी मोबाइल धरून मॅटकडं पळत आलं.

रूपाली सायलीवरून उठली. घाम डोळ्यांत जात होता, तो तिनं पुसला नाही. ती बापासमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्याला फेटा नीट करायच्या निमित्तानंही मान फिरवता येईना.

"चाचणीला तुम्ही शब्दात अडकला होता म्हणू," ती म्हणाली. "आज तर कोणालाच शब्द दिला नव्हता, आबा."

वस्तादानं मुठीतली शिट्टी खिशात टाकली. माईकवरून जेवणाचं बोलावणं झालं आणि लोक उठून ताटांकडं निघाले.